जमाखर्च लोकसेवेचा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला, असे अशा प्रसंगी म्हणण्याची प्रथा आहे. ते म्हणणे खोटे नाही. परंतु वृक्षाला हिशेब द्यावा लागत नाही, ट्रस्टला द्यावा लागतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार हिशेबतपासनिसांनी तपासलेला ताळेबंद दरवर्षी धर्मादाय कार्यालयात सादर करावा लागतो. पन्नास वर्षांत पन्नास ताळेबंद झाले. व्यापाऱ्याचेही तसेच आहे. दिवाळीला नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते ते जुनी खाती मिळवून झाल्यानंतरच. आणि श्रावकाला तर रोजचाच हिशेब सांगितला आहे. रात्रीचे राई, दिवसाचे देवसी, पंधरवड्याचे पक्खी, चार महिन्यांचे चौमासी आणि वर्षाचे संवत्सरी अशी प्रतिक्रमणांची क्रमवारी आपल्या आचार्यांनी घालून दिली. रोजमेळ रोज लिहावा, वर्षाअखेर खतावणी करावी आणि जे देणे राहिले असेल त्याबद्दल सर्व जीवांची क्षमा मागावी, असाच तिचा व्यवहारी अर्थ आहे.

मग लाखो लोकांनी मत देऊन ज्याच्या हाती आपला कारभार सोपविला, त्या लोकप्रतिनिधीच्या हिशेबाचे काय? कायदा त्याच्याकडे मोजक्याच गोष्टी मागतो. निवडणुकीत किती खर्च केला, हे निकालानंतर ३० दिवसांत कळवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, २००३ पासून, अर्ज भरतानाच आपली मालमत्ता व आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागतात. परंतु मधल्या पाच वर्षांत काय केले, कोणते प्रश्न विचारले, कोणते काम हाती घेऊन अर्धवट राहिले, हे मतदाराला लिहून कळविण्याचे बंधन देशातील कोणत्याही कायद्यात नाही. बंधन नसताना जो हिशेब देतो त्याला काय म्हणावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या बोरिवलीत आपण बसलो आहोत, तेथून तीन वेळा विधानसभेत आणि ज्या उत्तर मुंबईत ही बोरिवली येते, तेथून पाच वेळा लोकसभेत गेलेले श्री. राम नाईक, म्हणजे उपनगरवासीयांचे रामभाऊ, यांचा जमाखर्च आज उघडून पाहावयाचा आहे.

रामभाऊंचा जन्म १६ एप्रिल १९३४ चा, सांगलीचा. शालेय शिक्षण आटपाडीला झाले. आटपाडी त्या काळी औंध संस्थानात होती आणि औंध हे संस्थान साधे नव्हते. भवानराव पंतप्रतिनिधी या राजाने १९३९ मध्ये, कोणी बंड केले नसताना, आपण होऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्या संविधानामागे महात्मा गांधींचा सल्ला होता. आटपाडीजवळच स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत याच संस्थानाने वसविली. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाला तिच्यावरूनच कल्पना सुचली. कुलुपाशिवाय कैदी आणि सत्तेशिवाय राजा अशा मुलुखात जो मुलगा लहानाचा मोठा झाला, त्याच्या मनावर त्याचा कितपत ठसा उमटला हे कोण सांगणार? परंतु पुढील आयुष्याकडे पाहताना औंधची आठवण होते खरी.

१९५४ मध्ये पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून त्यांनी बी.कॉम. केले आणि १९५८ मध्ये मुंबईच्या किशिनचंद चेलाराम महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली. पहिली नोकरी महालेखापालांच्या कचेरीत कारकुनाची होती. पुढे खिरा स्टील वर्क्स या कंपनीत ते मुख्य लेखापाल व कंपनी सेक्रेटरी झाले. आयुष्याची उमेदीची वर्षे जमा-नावे लिहिण्यात गेली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकली जाते. वाणिज्य शाखेच्या पदवीला राजकारणात कोणी भाव देत नाही. तेथे वकील आणि वक्ते यांचे राज्य. रामभाऊंच्या बाबतीत मात्र ही एक ओळ बाकीच्या सर्व ओळींची किल्ली आहे. १९६९ मध्ये त्यांनी ही चांगली नोकरी सोडली आणि भारतीय जनसंघाच्या मुंबई शाखेचे संघटनमंत्री म्हणून पूर्ण वेळ काम पत्करले. त्यापूर्वीच, १९६४ पासून, गोरेगाव प्रवासी संघाच्या द्वारे लोकलच्या प्रवाशांची गाऱ्हाणी मांडण्यास त्यांनी सुरुवात केली होती. उपनगरातील माणसाचे सार्वजनिक जीवन फलाटावर सुरू होते. रामभाऊंचेही तेथेच झाले.

१९७८ मध्ये बोरिवलीतून ते प्रथम आमदार झाले, नंतर १९८० व १९८५ मध्येही निवडून आले. १९८९ पासून १९९९ पर्यंतच्या पाच निवडणुकांत ते उत्तर मुंबईचे खासदार झाले. आमदार असताना त्यांनी एक प्रथा सुरू केली. दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांसमोर ठेवावयाचा. त्या पुस्तिकेचे नाव ‘विधानसभेत राम नाईक’. दिल्लीला गेल्यावर नाव बदलून ‘लोकसभेत राम नाईक’ झाले.

आज खासदारांचे कार्यअहवाल गुळगुळीत कागदावर, रंगीत छायाचित्रांसह, निवडणुकीच्या तोंडावर घरोघरी येतात. त्यांत आणि दरवर्षीच्या अहवालात मोठा फरक आहे. ताका दुकानात गुंडाळलेला असतो तेव्हा वरचा एक वार सुंदरच दिसतो. तो पुरता उलगडल्याशिवाय आतला डाग किंवा तुटलेला धागा दिसत नाही. पाच वर्षांनी एकदा दाखवावयाचे म्हटले की वरचा वार दाखविता येतो. दरवर्षी दाखवावयाचे म्हटले की ताका उलगडावाच लागतो. मागील वर्षी ‘पाठपुरावा चालू आहे’ असे लिहिलेले काम यंदाही तेथेच असेल, तर वाचणारा विचारणारच.

१९९५-९६ मध्ये ते संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. ही २२ सदस्यांची समिती नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासते आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. ज्या खात्यात एके काळी कारकून म्हणून काम केले, त्याच खात्याने काढलेल्या आक्षेपांवर देशाच्या सचिवांना जाब विचारण्याच्या खुर्चीवर ते बसले. यापूर्वी, १९९४ मध्ये, कर्करोगाने त्यांना गाठले होते. त्यातून ते उठले आणि पुन्हा कामाला लागले.

जमेच्या बाजूला मोठ्या रकमा पुष्कळ आहेत. संसदेत ‘जन गण मन’ व ‘वंदे मातरम्’ यांचे सामूहिक गायन १९९२ पासून सुरू झाले, त्यामागे त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी ५ मे रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष गाडी धावू लागली. तिच्यासाठी त्यांनी पाठपुरावा केला होता. सभागृहातील भगिनींपैकी ज्या त्या गाडीने नोकरीस गेल्या असतील, त्यांना तिचे मोल अहवालापेक्षा अधिक ठाऊक आहे. बाटलीच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घालून मातेच्या दुधाला उत्तेजन देण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. पुढे १९९२ मध्ये सरकारनेच तसा कायदा केला. १९९९ पासून ते पाच वर्षे पेट्रोलियम मंत्री होते. गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून मुलीच्या लग्नापर्यंत वाट पाहण्याचे दिवस त्या काळात संपले. ते रेल्वे राज्यमंत्री असताना फलाटांवरील विडी-सिगारेटची विक्री बंद झाली, त्याचा व्यसनमुक्तीसाठी झटणाऱ्या आपल्या साधू-साध्वींना संतोष वाटला असेल.

खासदार निधीचेही श्रेय त्यांच्या आग्रहाला दिले जाते. डिसेंबर १९९३ मध्ये ही योजना जाहीर झाली. आरंभी पुरत्या वर्षाला १ कोटी रुपये, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी. ही रक्कम जमेला धरावी की नावे टाकावी, याबद्दल मात्र सुज्ञांत मतभेद आहेत. शौचालये झाली, समाजमंदिरे झाली, हे खरे. परंतु जनतेच्या करातून बांधलेल्या बाकावर ‘अमुक यांच्या निधीतून’ अशी अक्षरे आली तीही त्याच योजनेतून. देरासरात दिलेल्या दानाची पाटी लागते तेव्हा पैसा तरी दात्याच्या खिशातला असतो.

आता नावे बाजू. ती झाकून ठेवणे हे या विषयालाच विसंगत होईल. २००२ च्या ऑगस्ट महिन्यात पेट्रोल पंपांच्या वाटपाचे प्रकरण वृत्तपत्रांतून बाहेर आले. सत्तारूढ पक्षांशी संबंधित माणसांना व त्यांच्या नातलगांना पंप मिळाले, असा आरोप होता. पंतप्रधान वाजपेयींच्या सरकारने जानेवारी २००० पासूनची सर्व वाटपे एकदम रद्द केली. २० डिसेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुक्याबरोबर ओलेही जाळणारा तो निर्णय बाजूला सारला आणि वादग्रस्त चारशेहून अधिक प्रकरणे दोन निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीकडे सोपविली. त्यांतील बरीच वाटपे गुणवत्तेवर टिकली नाहीत. निवड मंडळे निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली होती आणि मंत्र्याने स्वतः यादी केलेली नव्हती, असे रामभाऊंच्या बाजूने सांगितले जाते, आणि ते वस्तुस्थितीला धरून आहे. तरीही पेढीवरील मुनिमाच्या हातून चूक झाली तर बाजारात नाव मालकाचेच निघते. खाते त्यांचे होते, तेव्हा ही रक्कम त्यांच्याच नावे लिहावी लागेल. त्यांच्या वैयक्तिक स्वच्छतेवर विरोधकांचाही विश्वास असल्यामुळे हे प्रकरण लोकांना अधिकच बोचले.

येथे क्षणभर थांबून त्यांच्या एका शेजारणीचे स्मरण करणे उचित होईल. मृणालताई गोरे याही गोरेगावच्या आणि १९७७ मध्ये याच उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेलेल्या. उपनगरातील नळाला पाणी यावे म्हणून हंडे घेऊन मोर्चे काढणाऱ्या या समाजवादी भगिनीला सर्व मुंबई ‘पाणीवाली बाई’ म्हणत असे. जनता पक्षाच्या राजवटीत मंत्रिपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये विधानसभेत त्यांनी खासगी विधेयक आणले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील तसा पहिला कायदा केला. मुंगीलाही पाय लागू नये म्हणून जपणाऱ्या आपल्या समाजाने त्यांचे हे ऋण मोकळेपणाने मानावयास हवे होते. ते पुरेसे मानले गेले नाही. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. रामभाऊ आणि मृणालताई यांचे विचार दोन टोकांचे. १९७७-७८ च्या जनता पक्षात काही काळ एकत्र आले, तेवढाच त्यांचा पक्षीय संबंध. एकीने तान्ह्या जिवाच्या दुधाची काळजी केली असे नव्हे, तर एकाने दुधाची केली आणि दुसरीने त्या जिवाला जन्मच मिळावा याची. एका गावातून, दोन पक्षांतून, दोन्ही खासगी विधेयके निघाली. राजकारणात चांगली माणसे उरली नाहीत, असे दुकानाच्या गादीवर बसून म्हणणाऱ्यांनी गोरेगावकडे एकदा पाहावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ती यशाच्या वर्षांतली नाही.

२००४ च्या निवडणुकीत पाच वेळचे खासदार आणि केंद्रीय मंत्री असलेले रामभाऊ, चित्रपट अभिनेते गोविंदा यांच्याकडून सुमारे ४८ हजार मतांनी पराभूत झाले. ज्या मतदारांना पंचवीस वर्षे दरवर्षी अहवाल दिला, त्यांनी पडद्यावरचा चेहरा पसंत केला. हिशेब देणाऱ्या माणसाच्या मनाला याहून मोठा घाव कोणता असेल? अहवाल वाचतो कोण, असा प्रश्न त्यांच्या जागी कोणालाही पडला असता. आणि अहवाल बंद करण्यास त्यांना कोणी दोष दिला नसता, कारण आता ते कोणाचेच प्रतिनिधी नव्हते. हिशेब मागण्याचा अधिकारही कोणाला उरला नव्हता.

रामभाऊंनी अहवाल चालू ठेवला. फक्त नाव बदलले: ‘लोकसेवेत राम नाईक’.

या तीन शब्दांवर थोडे रेंगाळणे भाग आहे. विधानसभा गेली, लोकसभा गेली. त्या जागी काय लिहावे? पद गेल्यावर माणसाकडे काय उरते, हा प्रश्न पुष्कळ निवृत्तांना छळतो. तो फक्त पुढाऱ्यांचा नाही. गादीवरून मुलाने उठविलेला वडील, कार्यकारिणीतून मोकळा झालेला विश्वस्त, सर्वांचाच तो आहे. आपल्या शास्त्रात परिग्रह दोन प्रकारचा सांगितला. घर, जमीन, सोने-नाणे हा बाह्य. आणि चौदा प्रकारचा अभ्यंतर, ज्यात क्रोध, माया, लोभ यांच्याबरोबर मानही येतो. श्रावक परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतो तेव्हा बाहेरच्या वस्तूंची मर्यादा कागदावर लिहितो. मानाची मर्यादा कोणत्या कागदावर लिहावयाची? पद हा अशा परिग्रहाचा सर्वांत चिवट प्रकार आहे. तो सोडला तरी हात तसाच वळलेला राहतो. रामभाऊ जैन नाहीत, त्यांनी हे व्रत घेतले असेही नाही. परंतु ज्या हाताने लोकसभा लिहिले, त्याच हाताने लोकसेवा लिहिताना त्यांनी आतल्या खात्यातून काहीतरी काढून ठेवले असले पाहिजे.

त्या पुस्तिकांत लिहिण्यासारखे कामही होते. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यांनी आमदारकीपासून हाती घेतला होता. खासदारकी गेल्यावर एका सामान्य नागरिकाप्रमाणे याचिका करून तो त्यांनी राज्यसभेच्या याचिका समितीपुढे नेला, आणि २००८ मध्ये समितीने त्यावर अहवाल दिला. ज्या संसदेत मंत्री म्हणून उत्तरे दिली, तिच्याच दारात अर्जदार म्हणून उभे राहावयाचे. कुष्ठरुग्णांच्या वस्तीतून एकगठ्ठा मते मिळत नाहीत, हे बोरिवलीकरांना सांगावयास नको. चर्चगेटची लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत जावी, हाही त्यांचा जुना ध्यास. ती सुरू झाली १६ एप्रिल २०१३ रोजी, योगायोगाने त्यांच्या ७९ व्या वाढदिवशी. तेव्हा त्यांना पद सोडून ९ वर्षे झाली होती.

मध्ये २००९ ची निवडणूक होऊन गेली. त्या वेळी ते ७५ वर्षांचे होते. श्री. संजय निरुपम यांच्याकडून सहा हजारांहूनही कमी मतांनी ते हरले. एवढी मते तर कांदिवली-बोरिवलीच्या काही गृहसंकुलांतच असतात. मनसेच्या उमेदवाराने लाखाहून अधिक मते घेतली नसती तर, असा हिशेब त्या काळी नाक्यानाक्यावर मांडला जात असे. परंतु ‘नसती तर’ या नावाचे खाते कोणत्याही वहीत नसते.

आणि मग २०१३. त्या वर्षी १३ सप्टेंबर रोजी भारतीय जनता पक्षाने श्री. नरेंद्र मोदी यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार घोषित केले. वारा कोणत्या दिशेने वाहू लागला आहे, हे उपनगरातील पानवाल्यालाही दिसत होते. त्याच महिन्यात रामभाऊंनी यापुढे निवडणूक न लढविण्याचा निर्णय जाहीर केला. व्यापारी भाषेत बोलावयाचे तर दोन मंदीची वर्षे सोसून, तेजी दारात उभी असताना त्यांनी दुकानाची चावी दुसऱ्याच्या हाती दिली. २०१४ च्या मे महिन्यात त्याच मतदारसंघातून त्यांच्याच पक्षाचे श्री. गोपाळ शेट्टी सुमारे ४ लाख ४६ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले. ४८ हजारांची आणि सहा हजारांहून कमी मतांची हार ज्याने पचविली, त्याने हा आकडा दुसऱ्याच्या नावावर चढलेला पाहिला. त्या दिवशी त्यांच्या मनात काय आले असेल याचा तर्क करणे योग्य नाही. एवढे दिसले की त्यांनी कोणतीही कुरकुर केली नाही.

जुलै २०१४ मध्ये त्यांची उत्तर प्रदेशच्या राज्यपालपदी नेमणूक झाली. राज्यपाल हा मतदारांना नव्हे, राष्ट्रपतींना जबाबदार. तेथेही दरवर्षी पुस्तिका निघाली: ‘राजभवनात राम नाईक’. लखनौच्या राजभवनाला अशी सवय नव्हती. २०१६ मध्ये त्यांच्या आठवणींचा ‘चरैवेति! चरैवेति!!’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक भाषांत गेला. ते शीर्षक ऐतरेय ब्राह्मणातील आहे. अर्थ, चालत राहा. चातुर्मास वगळता एका जागी न थांबणाऱ्या साधू-साध्वींना वंदन करणाऱ्या समाजाला तो अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. ज्यांना सार्वजनिक कामाची आवड आहे त्या तरुणांनी तो ग्रंथ अवश्य वाचावा; त्यात भाषणे कमी आणि कामाची नोंद अधिक आहे. २०२४ मध्ये भारत सरकारने त्यांना सार्वजनिक कार्यासाठी पद्मभूषण दिले.

ट्रस्टच्या या सुवर्णमहोत्सवात जुने विश्वस्त पायउतार होऊन तरुण मंडळी सूत्रे हाती घेत आहेत, म्हणून शेवटी एक लहानशी घटना. राज्यपाल होताना घटनात्मक पदाचा संकेत पाळून रामभाऊंनी पक्षाचे सदस्यत्व सोडले होते. जुलै २०१९ मध्ये मुदत संपवून ते मुंबईला परतले. वय ८५. सल्लागार, मार्गदर्शक असे काहीही बिरुद सहज मिळाले असते. पुढच्याच महिन्यात त्यांनी पक्षाचे सदस्यत्व पुन्हा घेतले, साधे, प्राथमिक.

जय जिनेंद्र.